शेततळ्याची आठ पानं

वैष्णवी भित्री होती. भित्री म्हणजे किती, तर दिवस मावळल्यावर गोठ्यातला दिवा लावायला एकटी जायची नाही, आणि आईनं हाकललंच तर मोबाईलवर मोठ्यानं गाणं लावून पळत जायची नि पळत यायची. आणि असल्या बाईनं पोटापाण्याला धंदा कोणता निवडावा? भुताचे सिनेमे बघायचे आणि त्यांची चित्रं काढायची. आता काय बोलणार!

संभाजीनगरला चित्रकलेचा डिप्लोमा करून ती तेलगावजवळ शेतातल्या घरी परत आली आणि वर्षभरात तिला पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. ही कंपनी परदेशी भयपटांचे हक्क घ्यायची आणि त्यांचा माँगा करून इकडच्या भाषांत छापायची. माँगा म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकथा, सगळी काळ्या-पांढऱ्यात. तिची खोड एकच, ती उलटीकडून वाचायची. आपलं पुस्तक जिथं संपतं तिथं ती सुरू होते. पानं उजवीकडून डावीकडं, पानातले चौकोनही उजवीकडून डावीकडं. कंपनीनं ती रीत तशीच ठेवली होती, कारण सरळ छापलं तर माँगा वाचणारी पोरं तोंड वाकडं करतात म्हणे. असतात एकेकाचे नखरे.

सिनेमा ती भरदुपारी बघायची, आवाज पार बंद करून, आणि शेजारी आईला बसवून. आई, म्हणजे सुंदरबाई, शेंगा फोडता फोडता पडद्याकडं एक डोळा टाकायची आणि म्हणायची, "हे भूत हाय व्हय? लई वाळलंय बिचारं. जेवाया घालीत न्हाईत का त्याला?" मग वैष्णवीला हसू यायचं, भीती कमी व्हायची आणि काम पुढं सरकायचं.

कंपनीचा एक नियम कडक होता. सिनेमातल्या नटाचं तोंड घ्यायचं नाही, सिनेमातली जागाही जशीच्या तशी काढायची नाही, सगळं इकडचं करायचं. म्हणजे गोष्ट त्यांची, माणसं आपली. वैष्णवीला तोंडं आणायला लांब कशाला जायला लागतंय? मेंढरं घेऊन येणारा धुळाजी एका गोष्टीत मांत्रिक झाला होता, शेजारची दगडाबाई चेटकीण झाली होती, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. नाहीतर दगडाबाईनं तिला खराट्यानं बदडून काढलं असतं.

यंदा आलेला सिनेमा कोरियाचा होता. डोंगरातलं एक तळं, तळ्याचा एक राखणदार, आणि पाण्यात बुडून मेलेली एक बाई. राखणदाराला वाटतं की बाई जिवंत आहे, तो दोर सोडतो, ती वर येते आणि मग त्याच्या घरी मुक्कामालाच राहते. त्यातला बाई वर येण्याचा भाग वैष्णवीच्या वाट्याला आला. आठ पानं, आणि आठही मुकी. एक अक्षर लिहायचं नाही, सगळं चित्रातच दिसलं पाहिजे, असं पुण्याच्या साहेबांनी बजावलं होतं.

आता इथं एक गोष्ट सांगायला लागते, आणि ती काही सुखाची नाही. वैष्णवीच्या घरचं शेततळं होतं. घरामागं दोन वावरं सोडून, चांगलं मोठं, उतारावर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. त्या कागदावर पाय ठरत नाही. आत पडलेला माणूस, मग तो पट्टीचा पोहणारा का असेना, उतारावरून वर येऊ शकत नाही. म्हणून बांधावर खुंट्या ठोकून चार बाजूंना नायलॉनचे दोर आत सोडलेले असतात. दोन वर्षांपूर्वी वैष्णवीची वहिनी, संस्कृती, दुपारी ठिबकचा कॉक फिरवायला गेली आणि त्या तळ्यात पडली. त्या बाजूला दोर नव्हता. उन्हानं कुजून गेला असंल, असं सगळे म्हणाले. वैष्णवीचा भाऊ अंगद त्या दिवशी मांजरसुंब्याला गेला होता. तो आला तेव्हा वहिनीला बाहेर काढून ठेवलं होतं, आणि त्यानं बांधावर असं कपाळ आपटून घेतलं की चार माणसांना त्याला धरायला लागलं.

मग वैष्णवीनं त्याच तळ्यावर चित्र काढावं? तुम्ही म्हणाल, ही पोरगी आहे का कोण आहे! पण तिच्या मनात काही वेगळंच होतं. दोन वर्षं झाली तरी तिच्या डोळ्यांपुढून ती दुपार जात नव्हती. वहिनी तिची जिवाभावाची होती. पहिलं काम आलं तेव्हा पेढे वाटायला गावभर तीच फिरली होती. वैष्णवीला वाटलं, बाहेर नाही तर निदान कागदावर तरी दादा वेळेवर यावा. त्यानं दोर सोडावा आणि वहिनीनं वर यावं. एवढंच. म्हणून तिनं राखणदाराला अंगदचं तोंड दिलं. हात त्याच्या पोळ्याच्या फोटोवरून घेतले, बैलाची वेसण मुठीत आवळून धरलेले. बाईचं तोंड मात्र तिला काढवेना. ती तिनं पाठमोरीच ठेवली, कमरेपर्यंत वेणी आणि अंगाला चिकटलेलं ओलं लुगडं.

पानं अशी होती. पहिल्या पानावर गुमान पडलेलं पाणी आणि लांब बांधावर ठिपक्याएवढा माणूस. दुसऱ्यावर पाण्यातून वर आलेला एक हात. तिसऱ्यावर अंगद काठावर, दोराचं वेटोळं हातात. चौथ्यावर दोर उतारावर निम्म्यात. पाचव्यावर दोराचं टोक बाईच्या हातात. सहाव्यावर बाई दोराला लोंबकळत उताराच्या मध्यावर. सातव्यावर बाई काठावर गुडघे टेकून आणि अंगद तिच्यावर वाकलेला. आठव्यावर दोघं बांधावर उभी, बाई त्याच्या पाठीशी, इतकी जवळ की बघणाऱ्याला कसंतरी व्हावं. चित्रं झकास उतरली होती. पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले की आठवं पान बघून त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवून घेतली.

तपासायला म्हणून वैष्णवीनं तेलगावात जाऊन आठही पानं छापून आणली आणि माँगाच्या रीतीप्रमाणं उजव्या बाजूला पिना मारल्या. मंगळवारची दुपार होती. रविवारी अंगदचा साखरपुडा होता, दुसरेपणाचा. मुलगी आष्टीकडची, नाव ऋतुजा, बी.ए. झालेली, बापाची एकुलती एक. इकडं वैष्णवीचे वडील, म्हणजे आबा, गावचे पुढारी, त्यामुळं घरात माणसांची ये-जा, मंडपवाला, आचारी, सगळा गोंधळ. अंगद बाहेरून आला, पंख्याखाली बाजेवर टेकला आणि म्हणाला, "वैशू, च्या टाक ग जरा. डोस्कं उठलंय."

ती चहा टाकायला आत गेली. पानं बाजेवरच होती. त्यानं ती उचलली आणि आपण कुठलीही वही उघडतो तशी उघडली.

वैष्णवी कपबशी घेऊन आली तेव्हा तो शेवटच्या कागदावर पोचला होता. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. तिला आधी वाटलं की वहिनीच्या आठवणीनं त्याला गलबलून आलं असेल, आणि आपण हे दाखवायलाच नको होतं. ती म्हणणार होती, दादा, चुकलं माझं. पण तोच बोलला, आणि आवाज त्याचा नव्हताच.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"दोराचं." तो तिच्याकडं बघतही नव्हता, कागदाकडंच बघत होता. "कुणी सांगितलं? तवा तिथं चिटपाखरू बी न्हवतं."

वैष्णवीला काही कळलं नव्हतं, खरंच नव्हतं कळलं. पण अंगाला ते आधीच कळलं असावं, कारण दोन्ही हातांवर काटा उभा राहिला. "दादा, सिनेमातलं हाय ते," ती म्हणाली. "कोरियाचा सिनेमा."

त्यानं मान वर केली. मग हसला, आणि ते हसणं बघून तिला बशी खाली ठेवायला लागली. "व्हय का? सिनेमा का?" तो म्हणाला. "झ्याक काढलंय." चहा कढत होता, तो त्यानं एका दमात नरड्याखाली घातला आणि गाडीची किल्ली घेऊन निघून गेला.

कागद बाजेवर तसेच पडले होते, त्यानं शेवटी उघडलेलं पान वर, आणि ते होतं पहिलं. म्हणजे यानं आठव्यापासून वाचलं. साहजिक होतं, त्याला कुठं माँगा ठाऊक! वैष्णवीनं पानं सरळ केली, आणि मग, कशी कुणास ठाऊक, त्यानं धरली असतील तशीच धरली आणि त्याच्यासारखीच उलटायला लागली.

दोघं बांधावर उभी आहेत. बाई त्याच्या पाठीशी, काहीतरी बोलत असावी. पान उलटलं. बाई काठावर गुडघ्यांवर पडलीय आणि तो तिच्यावर वाकलाय. उलटलं. बाई उतारावर गेलीय, दोराला धरून आहे. उलटलं. आणखी खाली गेली, नुसतं दोराचं टोक हातात उरलंय. उलटलं. दोर निम्म्यावर गेलाय आणि टोकाला कुणी नाही. उलटलं. सगळा दोर वेटोळं होऊन त्याच्या हातात आलाय. उलटलं. पाण्याबाहेर एक हात आहे. उलटलं. पाणी गुमान पडलंय, आणि लांब बांधावर तो ठिपक्याएवढा, निघून चाललाय.

वैष्णवी खाली बसली. भर दुपारी, पंख्याखाली, तिचे हातपाय गार पडले. तिनं सतरा भुतं काढली होती, कुणाच्या मानेचं, कुणाच्या डोळ्यांचं काय काय केलं होतं, पण असं भय तिला कधी वाटलं नव्हतं. दोर कुजला नव्हता. आणि दादा मांजरसुंब्याला नव्हता.

दोन दिवस तिनं कसे काढले तिचं तिलाच ठाऊक. स्वतःशी भांडायची. म्हणायची, तू भित्रीच आहेस, बघावं तिथं तुला भूत दिसतं. हाच भाऊ ना तो, ज्यानं हप्ते न करता रोख देऊन तुला चित्राची पाटी, तो महागडा टॅब्लेट, घेऊन दिली? आख्ख्या गावात माझी बहीण आर्टिस्ट हाय म्हणून मिरवतो तो? एवढं होईस्तोवर बाहेर त्याच्या गाडीचा आवाज यायचा आणि ती हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जायची. आणि तोही बदलला होता. कधी विचारायचा नाही ते विचारायला लागला. "पुण्याला धाडली का ग ती पानं?" "कोण कोण बघतं तिथं?" "किती लोक वाचत असतील?" विचारायचा हसत हसतच, जेवताना, आईच्या देखत.

गुरुवारी सकाळी तो अंगणातून ओरडला, "वैशू, चल. तळ्यावर जाऊ. तुला फोटू लागत असतेल न्हवं चित्राला? काढू दोन-चार."

"नको दादा, झालंय ते काम," ती म्हणाली.

"जा की ग," आई चुलीपासून म्हणाली. "एवढा कौतुकानं नेतोय तर. कायतरी येडेपणा."

नाही म्हणावं तर याला कळेल की मला कळलंय. ती गेली. ऊन चांगलं वर आलं होतं, कापसात बायका होत्या, पण लांब. बांधावर चढल्यावर तो तिच्या आणि वाटेच्या मध्ये उभा राहिला. पाणी काठाच्या दोन हात खाली होतं. काळा कागद तापून नुसता चकाकत होता.

"फोन दे," तो म्हणाला. "मी काढतो फोटू."

तिनं फोन दिला. त्यानं फोटो काढला नाही, फोन खिशात घातला. मग खाली बसून त्यानं ढेकूळ उचललं आणि ते बोटांनी चुरत राहिला. ती उभीच होती. बसली तर पाण्याच्या आणखी जवळ जाईल, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

"मी ढकललं न्हाई तिला," तो म्हणाला. "आईशप्पत न्हाई. भांडण झालतं. माहेरी जाते म्हणली, परत येत न्हाई म्हणली. म्हणताना पाय घसरला. मीच वरडलो, दोर धर म्हणून. धरला तिनं. निम्म्यात आलती." त्यानं ढेकूळ पाण्यात टाकलं. "निम्म्यात आल्यावर बी तेच. उद्याच जाते म्हणली. मंग मी दोर ढिला सोडला. गेली खाली. मंग वर वढून घेतला. म्हटलं दोन मिनिटं ऱ्हाऊ दे पाण्यात, जिरंल तिची. नुसती दोन मिनिटं, वैशू. मी पाठ करून उभा ऱ्हायलो. पाणी वाजायचं बंद झालं तवा वळलो."

वैष्णवीला ओरडावंसं वाटलं. कापसातल्या बायकांपैकी कुणीतरी हसलं, ते इथवर ऐकू आलं. दोन मिनिटं! वहिनीच्या अख्ख्या जिवाची दोन मिनिटं केली यानं.

तो उठला आणि जवळ आला. पार जवळ. "आता तू सांग," तो म्हणाला, "मी काय खुनी हाय का?"

आणि वैष्णवी म्हणाली, "न्हाई, दादा."

हो, म्हणाली. खोटं कशाला सांगू? तुमच्या-माझ्यापैकी त्या काठावर कुणी उभं असतं तर तेच म्हणालं असतं. तिची टाच तळ्याच्या काळ्या कागदाला लागली होती. तो म्हणाला ती पानं जाळून टाक, तिनं मान हलवली. पुण्याला म्हणावं दुसरी काढते, तिनं मान हलवली. मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, फोन परत दिला, आणि म्हणाला, "शानी हाय माझी भैन."

घरी येऊन त्याच्यासमोर तिनं आठही पानं चुलीत घातली. तो बाहेर गेल्यावर तिला उलटी झाली. आई पाठीवरून हात फिरवायला आली, आणि तिच्यापुढं वैष्णवीनं सगळं ओकून टाकलं, दोर, दोन मिनिटं, सगळं. सांगताना तिला वाटलं, आई आता किंचाळेल, छाती बडवेल, आबांना बोलावून आणेल.

सुंदरबाई किंचाळली नाही. तिनं आधी दाराला कडी लावली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्या सांच्याला गोठ्यात दोर घावला मला. चिंब ओला. मी चुलीत घातला."

वैष्णवीला वाटलं जमीन सरकली. दोन वर्षं ही बाई त्याला ताट वाढत होती. दोन वर्षं शेजारी बसून भुतांना हसत होती.

"आई, अगं वहिनी..."

"काय करू मंग? पोराला फासावर देऊ?" सुंदरबाईचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "गेली ती गेली. परत येतीय का? त्याचा संसार नव्यानं उभा ऱ्हायलाय, तुझ्या आबांची इज्जत हाय चार गावात. तोंड शिवून बस. तुझंबी लगीन व्हायचंय अजून."

"आन ऋतुजा?"

आईनं उठून पीठ मळायला घेतलं.

त्या दोन रात्री वैष्णवीनं आतून कडी घालून काढल्या, आणि तिच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. ही पोरगी या घरात येणार. कधीतरी भांडण होईल, नवरा-बायकोत होतंच. कधीतरी तीही म्हणेल की मी माहेरी जाते. आणि मग? सांगायची हिंमत तिच्यात नव्हती. सांगितलं तर दादा काय करेल, हे तिनं काठावर बघितलं होतं. पण शनिवारी तिला एक युक्ती सुचली, भित्र्या माणसाला सुचावी तशीच. कागद जळाले होते, चित्रं पाटीत होतीच. ऋतुजाला चित्रं दाखवायची. आठव्या पानापासून, आपल्या रीतीनं. चित्रं आपणहून बोलतील, आणि तोंड उघडायची पाळी आपल्यावर येणार नाही.

रविवारी पाहुणे आले. मंडप भरला, लाउडस्पीकर लागला. ऋतुजाला साडी नेसवायला वैष्णवीच्या खोलीत आणलं. गोल चेहऱ्याची, बोलकी पोरगी, आल्या आल्या म्हणाली, "ताई, तुमी चित्रं काढता म्हणे! दाखवा की. मला लई आवड हाय." दैवच मदतीला आलं म्हणायचं. बाकीच्या बायका जेवायच्या पंगतीकडं गेल्या होत्या. वैष्णवीनं पाटी उघडली, आठवं पान लावलं आणि ती ऋतुजाच्या मांडीवर ठेवली.

"हे डावीकडून बघत जा," ती म्हणाली.

ऋतुजानं एकदा बघितलं आणि हसली. "अवो ताई, हा माँगा हाय न्हवं? हे शेवटचं पान झालं. मी मोबाईलवर वाचते की! सुरुवात तिकडून असते." आणि बोटानं सरकवत सरकवत ती थेट पहिल्या पानावर गेली.

वैष्णवीला तिला थांबवता आलं नाही. पाणी, हात, दोर, एकेक पान ऋतुजा मन लावून बघत गेली. अंगदचं तोंड आल्यावर तिनं पदर ओठांवर धरला. "अगं बया, हे तर हेच हायेत," ती लाजत म्हणाली. "किती जीव तोडून वाचवतायत तिला! खरोखरचे बी असेच असतेल का हो?"

"असेच म्हंजे?" वैष्णवीच्या तोंडून निघालं.

"म्हंजे, बाई पाण्यात पडली तर दोर सोडणारे." ती पुन्हा सहाव्या पानावर गेली आणि अंगदच्या आवळलेल्या मुठीवर बोट ठेवून बघत बसली. "मला भ्याव वाटत व्हतं ताई, दुसरेपणावर चाललीय म्हणून. माझे बापू म्हणत व्हते पोरगा भला हाय. खरंच असंल."

वैष्णवीला रडूच कोसळलं असतं. जे चित्र तिनं भावासाठी मायेनं काढलं होतं, तेच आता या पोरीला हाताला धरून घरात ओढत होतं. चित्रं काही बोलणार नव्हती.

"वैशे!" बाहेरून अंगदची हाक आली. "आटपलं का न्हाई? कुंकवाला बोलवतेत." पावलं जवळ आली. दारावरचा पडदा बाजूला झाला आणि तो उंबऱ्यात उभा राहिला, नवा फेटा, कपाळाला गंध. त्यानं आधी ऋतुजाकडं बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या पाटीकडं, मग वैष्णवीकडं. हसला नाही. "काय दाखवायलीस?" त्यानं हळू विचारलं.

तळ्याच्या काठावर होती तशीच वैष्णवी आत्ताही घाबरली होती, तसूभरही कमी नाही. गप बसली असती तर दहा मिनिटांत कुंकू लागलं असतं, आणि तिला कुणी एक शब्द विचारला नसता. तिनं ऋतुजाचा हात पकडला. धीर द्यायला नव्हे हो, स्वतःला पडू न द्यायला.

"ऋतुजा," ती म्हणाली, आणि आवाज असा फाटून निघाला की पलीकडच्या बायका बोलायच्या थांबल्या. "त्यानं तिला वर काढलं न्हाई. दोर वढून घेतला. माझी वहिनी व्हती ती, संस्कृती. बुडूस्तोवर पाठ करून उभा ऱ्हायला. मला त्यानंच सांगितलंय."

"येडी झालीय ही," अंगद म्हणाला आणि आत पाऊल टाकलं. "भुताची चित्रं काढून काढून डोस्कं फिरलंय. ऋतुजा, तुमी चला बाहेर."

ऋतुजा हलली नाही. तिनं वैष्णवीकडं बघितलं. तिचा हात किती गार पडलाय आणि कसा कापतोय हे तिला आपल्या हातात कळत होतं. मग तिनं अंगदच्या हातांकडं बघितलं. दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या.

ती उठून वैष्णवीच्या बाजूला उभी राहिली, आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशी हाक तिनं मारली.

"बापू! ओ बापू! आधी इकडं या!"